नाना, त्यांना तुमचा तांब्या हवाय

प्रिय नाना,

तुम्हाला जाऊन महिना झाला नाही, तोच तुम्हाला देव करायचं घाटतंय. म्हणून हे पत्र. तुम्ही असता तर ओट्यावर बसून आधी पोट धरून हसला असतात, आणि मग दिवसभर जेवला नसतात.

परवा गेंदीबाई आली होती. सातपुड्याच्या पायथ्याच्या तुमच्या शाळेच्या गावची. सोबत आणखी दोघी होत्या. शिरपूरच्या स्टँडवरून घरापर्यंत उन्हात चालत आल्या. आईच्या गळ्यात पडून रडल्या, तुमच्या फोटोपुढे बसल्या, चहा घेतला. मग गेंदीबाई म्हणाली, "गुरजी गयात. त्यासना तांब्या आमले द्या. देवना वट्टावर ठेवसूत."

देवाच्या ओट्यावर ठेवायला कुठला तांब्या, हे मला विचारावं लागलं नाही.

अरुंद गळ्याचा तो पितळी तांब्या! तुम्ही त्यात काठोकाठ तांदूळ भरायचात, अंगठ्याने दाबायचात आणि भाजीच्या सुरीने हळूहळू खुपसत राहायचात. तोंडाने एकोणतीसचा पाढा, तोही मंत्र म्हणावा तसा घुमवून. शेवटी सुरी खोल घालून वर उचलली की तिच्यासोबत भरलेला तांब्या उचलला जायचा. तांब्याला हात नाही, दोरी नाही, नुसता अधांतरी. लहानपणी मी दर वेळी त्याच्याखालून हात फिरवून बघायचे.

गावात कुणालाही ताप आला की भगताकडे कोंबडा जायचा. भगत करतो तसला चमत्कार मास्तरही करू शकतो, हे दाखवायला तुम्ही शाळेच्या व्हरांड्यात हा खेळ केलात. लगेच तांदूळ ओतून दाखवलेत, खुपसून खुपसून ते कसे घट्ट बसतात आणि सुरीला कसे धरून ठेवतात, तेही सांगितलंत. लोकांनी मन लावून ऐकलं. आणि त्यांना काय पटलं? की आपली विद्या उघडी करून सांगतो म्हणजे हा केवढा मोठा भगत असेल! दुसऱ्या दिवशी शाळेच्या खांबाला कोंबडी बांधलेली. ती परत करायला तुम्ही घरोघर हिंडलात आणि घ्यायला कोणी तयार होईना, हे सांगताना तुम्हालाच हसू आवरायचं नाही. बायकांनी तर एकोणतीसचा पाढा पाठ करून टाकला होता. शाळेतल्या पोरांना तो कधी आला नाही.

पण त्यापुढचं तुम्ही हसत कधी सांगितलं नाहीत.

गेंदीबाई आपली तान्ही लेक सुनी घेऊन आली तेव्हा पोरीची छाती भात्यासारखी हलत होती. तुम्ही म्हणालात, शिरपूरला चल, आत्ताच्या आत्ता. ती व्हरांड्यातच बसून राहिली. तांब्या उचला, पोर बरी होईल, एवढंच म्हणत राहिली. तुम्ही समजावलंत, रागावलात, हात जोडलेत. ती हलेना. शेवटी तुम्ही तांब्या भरलात आणि सुरी मुद्दाम वरवर खुपसलीत. तांब्या उठला नाही. तेव्हा तुम्ही तिला सांगितलंत की तांब्या उठत नाही, म्हणजे पोरीला दवाखान्यात न्यायचा हुकूम आहे. ती ताडकन उठली. तुमच्या मोटरसायकलवर मागे बसून आली. निमोनिया होता. पोर वाचली.

त्यानंतर तुम्ही तो खेळ कायमचा बंद केलात. मी जळगावहून सुट्टीत आले होते तेव्हा विचारलं, तर खाली बघत म्हणालात, "त्या दिवशी मी भगत झालो गं."

नाना, एवढं मनाला लावून का घेतलंत? पोर मरू द्यायची होती का? तुमच्याशी तेव्हाही भांडले आणि आताही भांडतेय. एक खोटं बोललात ते मला कधीच खुपलं नाही. खेळ थांबवलात ते खुपतं. तुम्ही थांबलात आणि लोकांच्या डोक्यात तो न उठलेला तांब्या तेवढा राहिला.

आई म्हणते, देऊन टाक, घरात तांब्यांना काय तोटा आहे? मलाही क्षणभर वाटलं, द्यावा. गेंदीबाई वेडी नाही हो. सगळं गाव नुसतं बघत असताना तिची लेक ज्याने गाडीवर घालून नेली, त्याला तिने देव नाही म्हणायचं तर काय म्हणायचं? तुम्ही त्यांच्या गावातून कायमचे जाऊ नयेत, एवढंच तिला हवंय. माझंही दुसरं काय मागणं आहे?

पण मी तिला विचारलं, "उद्या एखादं पोर तापानं फणफणलं, तर काय करशील?"

ती माझ्याकडे बघून गोड हसली. "तांब्या शे ना."

तांब्या आहे, म्हणजे दवाखाना नकोच, नाना.

मी तिला सांगितलंय, रविवारी तांब्या घेऊन मीच येते. ती खूश होऊन गेली. तिला वाटतंय, मी द्यायला येतेय. मी तिच्याच हातात सुरी देणार आहे. तिच्या हातून तांब्या उठला की ती रडेल, रागावेल, किंवा देव आता आपल्याच अंगात आला असंही म्हणेल. तिचा काही नेम नाही! म्हणून तिच्यानंतर दुसरीला, मग तिसरीला. गावातल्या प्रत्येक बाईच्या हातून उठेपर्यंत मी तिथून हलणार नाही. एका दिवसात नाही जमलं तर पुढच्या रविवारी पुन्हा जाईन. आणि पोर आजारी पडलं तर माझा फोन वाजवा, मी गाडी घेऊन येते, हे दर वेळी सांगेन. शिव्या दिल्या तर खाईन. मास्तरांची पोरगी बापाचा मान ठेवत नाही म्हणाल्या, तरी ऐकून घेईन.

तुमची आठवण त्यांनी हवी तितकी काढावी. पण माझा शब्द आहे नाना, मी जिवंत आहे तोवर तुम्हाला देव होऊ देणार नाही.

तुमचीच भांडखोर,
मंगल