एकवीस सालचा पेला आणि हजेरीवहीतील दुरुस्ती

मी, आबाजी धोंडदेव टिपणीस, वय वर्षे छप्पन, मामलेदार कचेरीतून निवृत्त झालेला अव्वल कारकून, राहणार कर्जत, जिल्हा कुलाबा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने व राजीखुशीने लिहून ठेवीत आहे. माझ्या पोटातील गाठीला डॉक्टरांनी होळीपर्यंतची मुदत दिली आहे. डोके मात्र शाबूत आहे. ते नसते तर बरे झाले असते. मग खालचे चौथे कलम लिहावे लागले नसते.

कलम १. कर्जत येथील राहते घर माझी पत्नी विमलबाई हिने हयातभर उपभोगावे. तिच्या पश्चात ते पुतण्या सहदेव याचे. सहदेवाने परसातला फणस तोडू नये. तो तोडणार हे मला माहीत आहे, तरी लिहून ठेवतो.

कलम २. पोस्टातील शिल्लक व घरातील चीजवस्तू विमलबाईची. तिने मंगळवारचे उपास आता सोडावेत. ज्यासाठी धरले ते मूल झाले नाही, आणि तिला उपाशी ठेवून मी काही जगणार नाही.

कलम ३. पोशीरचे जमीनदार येसाजीराव यांची छत्री सतरा सालापासून माझ्याकडे आहे, ती परत करावी. माझ्या तेराव्याला त्यांना बोलावू नये. ते पोटभर जेवतात आणि मग भाजीला नावे ठेवतात. परंतु एका गोष्टीत मी त्यांच्यावर पंधरा वर्षे उगाच राग धरला, तो इथे सोडतो. ती गोष्ट पुढे येते.

कलम ४. माझ्या कपाटात चांदीच्या मुलाम्याचा एक पेला आहे. त्यावर ‘कर्जत टेनिस क्लब, हौशी सामने, १९२१, विजयी आ. धों. टिपणीस’ असे कोरले आहे. हा पेला माझा नाही.

त्या वर्षी मी क्लबाचा चिटणीस होतो, आणि पुढेही राहिलो. आमचे कोर्ट मातीचे, शेणाने सारवलेले. दर आठवड्याला ते सारवण्याचे काम ठाकूरवाडीची भागी करी. तिचा नवरा नवशा स्टेशनावर लाकडाच्या मोळ्या टाकून तिला पाण्याचे हंडे भरून द्यायला येई आणि चौथा गडी कमी पडला की आमच्यात खेळे. अनवाणी. माझी जुनी रॅकेट मीच त्याला दिली होती आणि हातात कशी धरायची तेही मीच दाखविले. वर्षभरात तो आम्हा सर्वांच्या पुढे गेला. एकदा आमच्यात खेळणाऱ्या डॉक्टरांनी खेळून झाल्यावर त्याच्यापुढे दोन आणे धरले, तर तो म्हणाला, “मोळीचं घेतो, डाक्तर. खेळाचं नाय घेत.”

सामन्यांच्या अर्जावर त्याचे नाव मीच घातले. ‘तालुक्यातील कोणीही हौशी खेळाडू’ असा नियम होता, आणि माझा शिष्य म्हणून मला त्याला मिरवायचेही होते. उपांत्य सामन्यात त्याने येसाजीरावांच्या मुलाला हरविले. दुसरीकडून अंतिम सामन्यात मी आलो.

त्याच संध्याकाळी येसाजीरावांनी हरकत घेतली, की नवशा क्लबाचा पगारी माणूस आहे, सबब हौशी नव्हे. कमिटीने माझ्याकडून हजेरीवही मागविली. वहीत दर शनिवारी ‘नवशा, कोर्टकाम’ असे लिहून पुढे अंगठा होता. बायकांची मजुरी नवऱ्याच्या नावावर लिहायची आणि त्याचाच अंगठा घ्यायचा, ही कचेरीतली रीत मी क्लबातही चालविली होती. भागीच्या शेणाचे दाम नवशाच्या नावाने पडत होते. हे कमिटीतल्या कोणाला ठाऊक नव्हते. मला ठाऊक होते.

अध्यक्षांनी विचारले, “अंगठा तुझाच का रे?”

“माजाच हाय,” नवशा म्हणाला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, “भाऊसाब, तुमी सांगा की.”

मी सांगितले, “वहीत नोंद आहे.”

एवढेच बोललो. खोटे एक अक्षर नव्हते. एक्केचाळीस वर्षांचा होतो, पुन्हा कधी अंतिम सामन्यात येणार नव्हतो, आणि नवशासमोर मला दोन गेमही मिळाले नसते. येसाजीरावांना त्यांची हरकत खरी वाटत होती. ती खोटी आहे हे जाणणारा मी एकटा होतो. कमिटीने नवशाला बाद केले.

दुसऱ्या दिवशी भागीने पहाटेच कोर्ट सारवून ठेवले होते. सामना होणार नाही हे तिला कोणी, नवशानेही, सांगितले नव्हते. त्या ओल्या, स्वच्छ कोर्टावर कोणाचे पाऊल उठले नाही. बाजूला टेबल मांडून पेला मला दिला, टाळ्या झाल्या. माझी जुनी रॅकेट कुंपणाला अडकवलेली सापडली. नवशा पुन्हा वाडीवरून खाली कोर्टावर आला नाही. चार वर्षांनी घाटात लाकडे तोडताना तापाने गेला. तो माझ्यामुळे मेला असे मी म्हणत नाही. तसे म्हणणे हा पुन्हा माझाच मोठेपणा होईल. पण तो अपमान घेऊन मेला, तो मी दिलेला होता.

आणि भागी सारवीतच राहिली. पोट होते. नवशा येईनासा झाल्यापासून अंगठा तिचा, पण तो मेल्यावरही मी वहीत ‘नवशा’च लिहीत गेलो, कारण रकाना तसा पडला होता. मेलेल्या माणसाच्या नावापुढे ती अंगठा करी. हे आठवले की मला माझी किळस येते.

गेल्या महिन्यात धाऊला, म्हणजे कचेरीतल्या माझ्या जुन्या शिपायाला, सोबत घेऊन मी ठाकूरवाडीवर गेलो. पेला आणि माझे चार गुंठे भाताचे शेत भागीपुढे ठेवले. सगळे सांगितले. तिने पेला हातात घेऊन पाहिला आणि परत दिला.

“ह्यात काय शिजवू मी? आन् शेत नको. उद्या तुमचा पुतन्या काडून घेल.” मग म्हणाली, “शेन मी काडलं, कोर्ट मी सारवलं. वहीत माजं नाव लिवा. मंग त्यो सुटंल.”

सबब, पेल्यावरचे माझे नाव घासून काढावे व पेला क्लबास परत द्यावा. त्यावरील १९२१ या आकड्यापुढे कोणाचेही नाव कोरू नये. रॅकेट चुलीत घालावी.

कलम ५. माझ्या लोखंडी पेटीत क्लबाच्या पंधरा हजेरीवह्या आहेत. त्यांत जिथे ‘नवशा, कोर्टकाम’ असेल तिथे मी एक रेघ मारून वर तांबड्या शाईने ‘भागी’ असे लिहिले आहे आणि प्रत्येक दुरुस्तीखाली सही व तारीख घातली आहे. या कामास नऊ दिवस लागले. वह्या या मृत्युपत्रासोबत नोंदणी कचेरीत ठेवाव्यात, आणि एकवीस सालचे पान सहदेवाने कमिटीपुढे मोठ्याने वाचून दाखवावे. नवशाने खेळाचा पैसा कधीही घेतला नव्हता. तो हौशी होता.

वकील म्हणाले, साक्षीला सहीचा माणूस बघा, अंगठेवाली कशाला. मी त्यांना म्हटले, या कागदाने तिला काहीही मिळत नाही, तिने सगळे नाकारले आहे. तिच्या साक्षीवर हरकत कोण घेणार?

मुक्काम कर्जत, तारीख १४ नोव्हेंबर १९३६.

सही: आबाजी धोंडदेव टिपणीस

साक्ष १: धाऊ लडकू, शिपाई, राहणार कर्जत. सही.

साक्ष २: भागी नवशा ठाकूर, राहणार ठाकूरवाडी. धंदा: टेनिस कोर्ट सारवणे. डाव्या हाताचा अंगठा, तिचा स्वतःचा.