आईचा शेवटचा पेपर

ता. १२ जानेवारी

ती. आईस,
साष्टांग नमस्कार. तू आता अंतिम वर्षाची विद्यार्थिनी, म्हणून थोडा जास्तच वाकून.

फोन केला की तू म्हणतेस, फोनवरचं हवेत जातं, कागदावरचं राहतं, तेव्हा पत्रच लिही. म्हणून लिहायला बसले आहे. औषधांच्या दुकानात अजून जाते. उभं राहून पाय सुजतात, म्हणून मालकांनी काउंटरमागे उंच स्टूल ठेवलंय. गिऱ्हाइकं खोकल्याचं औषध घ्यायला येतात आणि मलाच सल्ले देऊन जातात. तुझा जावई लिफ्ट दुरुस्त करून घरी आला की पोटाशी तोंड नेऊन बाळाला सांगत बसतो, आज कुठली लिफ्ट कुठे अडकली ते. बाळ कंटाळून लाथा मारतं.

तुझं काय? वर्गातल्या मुली अजून काकूच म्हणतात का? शिलाईचं दुकान दुपारी बंद असतं म्हणून बायका कुरकुरत नाहीत ना? डबा नेतेस की चहावरच भागवतेस? हे प्रश्न एके काळी तू मला विचारायचीस. आता माझी पाळी.

मुद्द्याचं लिहिते. डॉक्टरांनी एप्रिलअखेरची तारीख दिली आहे. तू एप्रिल लागताच ये आणि राहा. सगळे म्हणतात, पहिल्या वेळी आई जवळ हवी. मलाही भीती वाटते.

तुझी,
भिंगरी


ता. २० जानेवारी

चि. भिंगरीस,
पोटभर आशीर्वाद. यंदा दोघांना पुरतील एवढे.

सगळे म्हणतात, असं लिहिलंस. सगळे म्हणजे कोण? बिननावाचा साक्षीदार आमचे इतिहासाचे सर वर्गात उभाच करू देत नाहीत. भीती वाटते हे मात्र तू स्वतःचं लिहिलंस, ते मी मानते.

माझे पेपर एप्रिलमध्येच आहेत. शेवटचा अठरा तारखेला. त्याच संध्याकाळच्या गाडीने निघेन, त्याआधी नाही. तुला ठाऊक आहे, तरी पुन्हा लिहिते. कॉलेजच्या वयात मी याच विषयाला प्रवेश घेतला होता. तुझी आजी आजारी पडली, चार दिवस ये म्हणून निरोप आला, आणि ते चार दिवस तीस वर्षं चालले. तिचा काही दोष नव्हता. आजारी माणसाने पोरीला बोलवायचं नाही तर कुणाला? पण या खेपेला मला पेपर सोडायचा नाही. तुला राग येईल, तर येऊ दे.

मुली काकूच म्हणतात. परवा एकीने विचारलं की या वयात इतिहास कशाला घेतला. म्हटलं, बाई, तुझ्यापेक्षा माझ्याकडे तो जास्त साठलाय. डबा नेते. त्यातला निम्मा याच मुली खातात.

जावईबापूंना आशीर्वाद. लिफ्टच्या गोष्टी चालू ठेवा म्हणावं.

तुझी,
आई


ता. १६ फेब्रुवारी

ती. आईस,
नमस्कार.

राग आला होता. दोन दिवस फुगून बसले, मग भूक लागली. तू पेपर देऊनच ये. मी अगदी मजेत आहे. समोरच्या घराला रंग लावताहेत. आधी हिरवा लावला, मालकीणबाईंनी नाक मुरडलं, आता पुन्हा पांढरा चाललाय. रंगाऱ्याचा चेहरा बघण्यासारखा झालाय. बाळासाठी स्वेटर विणायला घेतला आहे. एक बाही लांब झाली. दुसरीही तितकीच लांब करून टाकीन, म्हणजे कुणाला कळणार नाही.

अभ्यास कर. माझी काळजी करू नकोस.

तुझी,
भिंगरी


ता. २४ मार्च

जावईबापूंस,
आशीर्वाद देऊ की हातचा राखून ठेवू, या विचारात आहे.

हे पत्र मुद्दाम तुमच्या कामाच्या पत्त्यावर पाठवते आहे. कागद काय सांगतो ते कुणीही वाचतो, तो काय गाळतो ते वाचा, असं आमचे सर सांगतात. म्हणून मी भिंगरीची पत्रं तारखेप्रमाणे कापड कापायच्या टेबलावर मांडली. जानेवारीपर्यंत तुम्ही प्रत्येक पत्रात आहात. चहा करता, घोरता, बाळाशी गप्पा मारता. फेब्रुवारीपासून तीन पत्रं आली. त्यांत रंगारी आहे, स्वेटर आहे, शेजारचं मांजर आहे. तुम्ही एका ओळीतही नाही.

याचा अर्थ मी एकच लावते. तुम्ही घर सोडलं असेल, तर तसं सरळ लिहा. या अवस्थेत माझ्या पोरीला कुणी टाकून गेलं, तर मी गप्प बसणारी बाई नाही.

उत्तराची वाट पाहणारी,
भिंगरीची आई


ता. ३० मार्च

ती. आईंना,
साष्टांग नमस्कार. आशीर्वाद राखून ठेवलेत ते सोयीने पाठवावेत.

मी घरातच आहे. इतका घरात आहे की तुमची मुलगी मला विटली आहे. कामावरच्या सोबत्याने तुमचं पत्र आणून दिलं, तेव्हा मी कणीक मळत होतो.

आता खरं काय ते लिहितो. फेब्रुवारीत तिला रक्तस्राव झाला. थांबला, बाळ ठीक आहे, पण डॉक्टरांनी अंथरूण सोडायचं नाही अशी ताकीद दिली. तिचं दुकानात जाणं बंद झालं आणि मी रजा टाकली. आता मी दुपारचा वरण ढवळतोय असं लिहिलं, तर तुम्ही लगेच विचारणार की हा कामावर का नाही. म्हणून तिने मला पत्रांतून पुरतं हद्दपार केलं. तुमच्या त्या चार दिवसांची तीस वर्षं कशी झाली, हे ती लहानपणापासून ऐकत आली आहे. पेपर होईपर्यंत तुम्हाला कळवायचं नाही, असं तिने माझ्याकडून वचन घेतलं होतं. ते आज मोडलं. तुमच्या त्या पत्राला खोटं उत्तर द्यायची माझी छाती झाली नाही.

तुमचा,
न पळालेला जावई


ता. ३ एप्रिल

चि. भिंगरीस,
आशीर्वाद. आणि एक धपाटा, उधार.

जावईबापूंवर रागावू नकोस. मीच त्यांना चोर ठरवून मोकळी झाले होते. तू काहीतरी गाळते आहेस हे मला बरोबर दिसलं, पण मधली रिकामी जागा मी माझ्या मनाने भरली. सरांना सांगितलं तर ते हाच धडा पुन्हा पहिल्यापासून शिकवतील. जावईबापूंची माफी मागते, आणि राखलेले आशीर्वाद व्याजासकट देते.

तुझा मात्र मला फार राग आला आहे. रक्त जात असताना मजेत आहे असं लिहिलंस? तुझी आई म्हणून मी कुठे होते मग?

काल बॅग भरली. दुकानाला कुलूप लावलं, स्टँडवर जाऊन तिकिटाच्या रांगेत उभी राहिले. माझा नंबर आला, खिडकीतल्या माणसाने कुठे जायचं ते विचारलं, आणि मला बोलवेना. पेपर टाकून मी तुझ्या दारात उभी राहिले असते, तर तुझ्या तोंडावर काय दिसलं असतं ते मला समोर दिसलं. दोन महिने एकटीने भीती गिळलीस ती कशासाठी? मागच्या बाईला पुढे जाऊ दिलं आणि घरी परत आले. रात्रभर स्वतःला बोल लावत बसले. अजूनही बरोबर केलं की चूक, ते सांगता येत नाही.

पेपर देते. पण एक अट आहे. काही झालं, तर पेपर चालू असला तरी मला बोलवायचं. कॉलेजच्या ऑफिसचा नंबर खाली लिहिला आहे. वर्गातून उठवून आणतील, तसं सांगून ठेवलं आहे.

तुझी,
आई


ता. १८ एप्रिल
दवाखाना

ती. आईस,
झोपूनच नमस्कार.

हे पत्र पोस्टात टाकणार नाही. उद्या सकाळी तू आत येशील तेव्हा हातात देईन. तोंडाने सांगायला गेले तर मला जमणार नाही.

मुलगी झाली, हे तुला फोनवर कळलंच आहे. थोडी लवकर आली, त्यामुळे वजन कमी आहे. आवाज अजिबात कमी नाही. नाक तुझ्यावर गेलंय असं तुझा जावई म्हणतो. मला तरी अजून ते बटाट्यासारखंच दिसतं.

तुझा पेपर सुरू झाला असेल, त्याच सुमारास मला आत नेलं. त्याने कॉलेजचा नंबर लावायला घेतला होता. मी त्याचं मनगट धरलं आणि पेपर सुटल्याशिवाय फोन करायचा नाही असं बजावलं. अट मी मोडली, त्याने नाही. जे बोलायचं ते मला बोल.

इथल्या नर्सबाई गप्पिष्ट आहेत. उद्या त्या तुला सांगतील की ही पोरगी आत सारखी आईला हाका मारत होती. त्या काही वाढवून सांगणार नाहीत. बाहेर बाकावर बसलेल्या याला ऐकू गेलं, इतक्या जोरात मारत होते. हा दोनदा उठला आणि दोनदा खाली बसला, असं आता सांगतोय.

तू आता माझं धरलेलं मनगट आणि माझ्या हाका शेजारी शेजारी मांडशील आणि यातलं खरं कुठलं ते शोधत बसशील. शोधू नकोस. तू माझ्याजवळ हवी होतीस. आणि तू तिथे बसून शेवटच्या ओळीपर्यंत लिहावंस, असंही मला हवं होतं. दोन्ही खरं आहे, आई.

लोभ होता तेवढाच राहू दे. उद्यापासून तो दोघींना पुरवायचा आहे.

तुझी,
भिंगरी