बोळातली डावी भिंत

मी, मच्छिंद्र पुंजाराम उढाण, वय एकाहत्तर, धंदा शेती व रंगाचे दुकान, राहणार कुंभार पिंपळगाव, तालुका घनसावंगी, जिल्हा जालना, शुद्धीवर राहून व पूर्ण समजुतीने हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही, असे इथे लिहायचे असते. माणसाचे नाही, भीतीचे आहे. हृदयाची झडप निकामी होत आल्याचे डॉक्टरांनी सांगितल्यापासून मला डोळे मिटायची भीती वाटते. मरणाची वाटतेच, पण माझ्यामागे पुष्पा पडेल याची त्याहून जास्त वाटते.

१. माझी पत्नी पुष्पाबाई हिची नजर काचबिंदूने पूर्ण गेली आहे. राहते घर तिच्या एकटीच्या नावे करतो. तिच्या हयातीत ते कोणी विकू नये, गहाण टाकू नये. तिच्यामागे ते मुलगा कल्याण याचे.

२. शेत कल्याण व मुलगी दैवशाला यांना निम्मे-निम्मे. दैवशालाने हक्क सोडावा म्हणून भावकीतले कोणी तिच्या दारी गेले, तर तिने त्यांना पाणीसुद्धा विचारू नये. ही माणसे माझ्या बहिणीच्या वेळी कशी गोड बोलली होती, ते मी पाहिले आहे.

३. दुकानातला माल विकून येईल ते पुष्पाच्या औषधपाण्याला. कल्याणने संभाजीनगरहून आणलेला भारी, चिवट प्रायमर ज्याचा त्याला माघारी द्यावा. माझ्या घराला तो लावायचा नाही.

४. आता भिंत. हे कलम सर्वांनी नीट वाचावे. झोपायच्या खोलीतून मोरीकडे जाणाऱ्या बोळात पुष्पा डाव्या भिंतीला तळहात लावून चालते. बोळाच्या टोकाला पायऱ्या उतरतात. तिथे गिलाव्याचा ओबडधोबड पट्टा होता. तो हाताला लागला की ती थांबायची. मागच्या दिवाळीत कल्याणने नेमका तोच भाग पुट्टी भरून आरशासारखा करून घेतला. "दादा, किती घाण दिसून राह्यलं होतं ते," असे वर मला सांगितले. दुसऱ्या दिवशी मी दुकानात असताना पुष्पा पायऱ्यांवरून खाली गेली. मनगट मोडले. मी त्याला तेव्हा जे बोललो त्यातला एक शब्दही मागे घेत नाही, पण त्याचा हेतू वाईट नव्हता हेही लिहून ठेवतो.

तो पट्टा मी टोचून पुन्हा खरबरीत केला आहे. बाकीची भिंत मात्र गुळगुळीत हवी, कारण तिला साखर आहे आणि तळहाताला खरचटले की जखम महिना-महिना भरत नाही. त्यासाठी घासायला हलका प्रायमर निवडला. तो पॉलिश पेपराखाली पिठासारखा झडतो. चिवट प्रायमर जास्त टिकतो, पण तो घासायला मनगटात जोर लागतो आणि माझी छाती लगेच भरून येते. शेजारचा रामप्रसाद पेंटर दारात उभा राहून म्हणाला, "मच्छिंद्रभाऊ, भिताडाला कोन गाल लावून झोपायलंय?" मी घासायचो, पुष्पा हात फिरवायची. "इथं अजून टोचून राह्यलंय." पुन्हा घासायचो. "आता बराबर."

माझ्यामागे रंग बदला, फरशी बदला, पण पायऱ्यांजवळच्या त्या पट्ट्याला कोणी हात लावू नये.

५. हे सारे काल पुष्पाला वाचून दाखवले. ती म्हणाली, "पट्टा ऱ्हाऊ द्या. पर तुमी 'पायरी आली' म्हनता तवा मी थांबते. पट्टा हाताला लागतो, पर त्याच्यावर माझा भरवसा न्हाई."

घरात कुठेही असलो तरी मी तसा आवाज देतो. याची तरतूद मला कोणत्याही कलमात सुचेना. म्हणून कल्याणा, हे कायद्यात बसत नसेल तर न बसो: माझ्यामागे वर्षभर तरी संभाजीनगर सोडून घरी येऊन राहा. आई उठली की आवाज दे. मोठ्याने देऊ नकोस, ती दचकते.

हे वाचून, समजून, माझ्या हाताने सही केली.

मच्छिंद्र पुंजाराम उढाण

साक्षीदार, ज्यांच्यासमोर सही झाली:
१. रामप्रसाद पेंटर, शेजारी
२. नंदाबाई, शेजारी

ठिकाण: कुंभार पिंपळगाव
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२५