हात मोकळे ठेवून ऐकलेली गोष्ट

४ जानेवारी

ती. ताईस, धाकट्याचा सा. न. वि. वि.

डॉक्टरांनी तुला बोलणं कमी करायला सांगितलंय, म्हणून फोन न करता लिहितोय. स्वरयंत्रच काढणार असं भाचीने कळवलं. मग स्टाफरूममध्येच हे पत्र लिहायला घेतलं.

माझ्या वर्गाचं विचारलं होतंस. सातवीची ही पोरं बोलायला लागली की कान किटतात, पण निबंध म्हटलं की चार ओळींत गाशा गुंडाळतात. म्हणून यंदा वेगळी रीत काढलीय. आधी गोष्ट ऐकायची, मग ती जोडीदाराला तोंडी सांगायची आणि दुसऱ्या दिवशी लिहायची. ऐकताना हात मोकळे. दारात एक पोरगा खोका घेऊन उभा राहतो, सगळ्यांची पेनं त्यात जातात, माझं पेन आणि फोनसुद्धा. फक्त गोष्ट सांगण्यात मी कमी पडतो. झेपणार असेल तर ऑपरेशनआधी एकदा येशील का?

प्रकृतीला जप आणि माझ्यावरची माया पातळ करू नकोस.

तुझा धाकटा

९ जानेवारी

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

माझ्या गोष्टी ऐकता ऐकता माझ्या ताटातलंही फस्त करणारा तू, तुला नाही कशी म्हणू? सोमवारी येते. बुधवारी ऑपरेशन आहे.

पण एक काम तुझ्याकडे. लेकीला आठवा महिना लागलाय. बाळासाठी माझा आवाज फोनमध्ये भरून ठेवायचा, असा तिचा हट्ट आहे आणि खरं सांगू, माझाही. पण फोन समोर धरला की मी ढिम्म. लेक तर मी सुरू करायच्या आधीच रडायला लागते. समोर पोरं असली की मला सुचेल. तू गुपचूप भरून घे. एवढं एक विसरू नकोस, विसरभोळ्या.

आहे तो लोभ वाढव, वजन नको वाढवूस.

तुझी ताई

२१ जानेवारी

ती. ताईस सा. न.

तोंड दाखवायला जागा नाही, म्हणून हॉस्पिटलात न येता लिहितोय. तुझा आवाज माझ्याकडे नाही.

त्या दिवशी पोराने दारात खोका पुढे केला आणि मी सवयीने पेनाबरोबर फोनही टाकला. तू गोष्टीच्या अर्ध्यावर आलीस तेव्हा आठवलं. खोका टेबलाखालीच होता. पण पोरं खिळून बसली होती, उठलो असतो तर सगळं विस्कटलं असतं. म्हटलं, नंतर थोडं पुन्हा सांगायला लावू. नंतर तुझा घसाच बसला. मी विसरलो नव्हतो ताई, मी उठलो नाही. भाचीला हे सांगायची हिंमत झालेली नाही.

वह्या पाठवतोय. चार ओळींवाल्या एकाने अकरा पानं लिहिलीत.

लोभ मागायचा हक्क राहिलेला नाही.

धाकटा

२ मार्च

चि. धाकट्यास आशीर्वाद.

मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत. आवाज भरला गेला नाही हे लेकीला मीच लिहून दाखवलं, ती तुझ्याशी बोलेल असं आत्ता तरी वाटत नाही.

वह्या सगळ्या वाचल्या. पोरांनी मन लावून लिहिलंय. एकाने लिहिलंय, बाई मध्येच थांबायच्या तेव्हा आम्ही श्वास रोखून धरायचो. अरे, मला तेव्हा गिळता येत नव्हतं. त्याला सांगू नकोस. तुझी रीत चांगली आहे, ती सोडू नकोस. पण मी रागावलेय, खूप रागावलेय, आणि ओरडायलाही येत नाही.

काल लेक आंघोळीला गेली होती आणि बाळ रडायला लागलं. मी मांडीवर घेतलं, गोष्ट सांगायला तोंड उघडलं. गळ्याच्या भोकातून नुसती हवा आली. ती रडतच राहिली. लेक बाहेर येईपर्यंत मी पाठीवर हात फिरवत बसले.

राग गेला की कळवीन. तोवर लोभ तूच सांभाळ.

ताई