कानांवरचे हात

४ जानेवारी १९२१, पालमपूर

आज इथे येऊन पोचलो आणि पहिल्याच दिवशी एका घोर अन्यायाची नोंद करणं भाग पडत आहे. या बंगल्यातली लिहिण्याची खुर्ची कुणा सहा फुटी चहामळेवाल्या साहेबाच्या मापाची आहे. तीत बसलं की माझे पाय जमिनीला टेकत नाहीत. काशीत इतकी वर्षं न्यायशास्त्र घोकलं, पण ज्याचे पाय अधांतरी त्याचं वचन प्रमाण मानावं की नाही, याचा निवाडा एकाही गुरुजींनी केलेला आठवत नाही.

बाकी सगळं उत्तम. धौलाधारवर ताजं बर्फ आहे, ऊन कोवळं आहे, आणि या मुलखाचे पुढारी जैलदार अमीचंद यांनी दुपारी दह्यात शिजवलेल्या छोल्यांच्या मदऱ्याबरोबर इतका भात वाढला, की लाहोरची बातमीदारी सोडल्याचं दुःख तिथेच जिरलं. काम सोपं आहे. महायुद्धात लढलेल्या इथल्या तोफच्यांची छायाचित्रं आणि पत्रं जमवून एक देखणं पुस्तक करायचं. वसंतात लाटसाहेब येतील तेव्हा ते त्यांच्या हाती जाईल. त्यांना आवडलं तर नव्या शाळेत संस्कृत शिकवणारा पंडित मीच, हे जैलदारजींनी तूप वाढता वाढता सांगून टाकलं.

बंगल्याची राखण धौंकल सिंग करतो. डोंगरी तोफखान्यातला पेन्शनर. दोन्ही कान तोफेला देऊन बसलेला. मी माझं नाव ओरडून सांगू लागलो, तर म्हणाला, घसा कशाला फोडता पंडितजी, मी ओठ वाचतो, तेवढी मिशी कातरा म्हणजे झालं.

मेजासमोरच्या भिंतीवर मोठं छायाचित्र आहे. बसऱ्याच्या वर कुठेतरी वाळूत उभी केलेली तोफ, तिच्याभोवती सहा जण. पाच जणांनी तळवे कानांवर घट्ट दाबलेले. सहावा खुद्द धौंकल. एक हात कानावर, दुसऱ्यात बार उडवायची दोरी. ते पाचही जण पुढे तिकडेच कामी आले. चित्र मात्र झकास आहे. पुस्तकात पहिल्या पानावर घालणार.

७ जानेवारी

पत्रं वाचून काढतो आहे. मोठ्याने वाचतो, काशीची खोड. डोळ्यांतून निसटलेली चूक कानाला बोचते.

इतिहासाला लागतो तसा मजकूर यांत फार थोडा. एकाला म्हैस व्याली का ते हवं आहे. एकाचं अख्खं पत्र तोफेची नळी वाहणाऱ्या खेचरावर आहे. खेचराने त्याच्या फेट्याचं टोक खाल्लं. बाफा नावाच्या पोराने सुंठ मागितली आहे आणि लिहिलं आहे, की इथली नदी इतकी सपाट, की ती कुठल्या बाजूला वाहते ते तिलाच ठाऊक नसावं. हे वाक्य मला फार आवडलं, म्हणून काढून टाकलं. त्याच्या जागी वीररसाची चांगली सढळ फोडणी घातली. बाफाच्या तोंडी 'प्राणार्पण' आलं. त्याने काही तक्रार केली नाही.

संध्याकाळच्या चहाला वर पाहिलं तर चित्रातल्या डावीकडच्या पोराचे हात छातीशी. मला तर पाचही जण कान झाकलेले आठवत होते. धौंकलला दाखवलं. हसून म्हणाला, तो बाफा, त्याला कधी शिस्त नव्हतीच. मग चित्राजवळ गेला. परत फिरला तेव्हा हसत नव्हता.

११ जानेवारी

गठ्ठ्याच्या तळाशी धौंकलचं स्वतःचं पत्र निघालं. भावाला लिहिलेलं. त्यात आहे: 'आमचा गोळा आखूड पडला. समोर आपलीच पलटण बसली होती. धूर गेल्यावर ज्यांना उचललं त्यांत तुलसांचा करमू होता. दोरी माझ्या हातात होती.'

धौंकल म्हणाला, पत्र त्यानेच मुद्दाम ठेवलं. घरी आल्यापासून करमूच्या आईला, तुलसांला, रोज पाणवठ्यावर बघतो. तोंडाने सांगवत नाही. छापून आलं, तर कुणीतरी तिला वाचून दाखवेल.

मी पत्र जैलदारजींकडे नेलं. त्यांनी शांतपणे हुक्का बाजूला केला.

"पंडितजी, आपलाच गोळा आपल्याच पोरांवर? लाटसाहेब यावर टाळ्या वाजवतील की काय? शत्रूचा म्हणा. मेलेल्याला काय फरक पडतो, आणि जित्यांना पेन्शन चालू आहे."

मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी विचारलं, शाळा कधी उघडणार.

परत येऊन मजकूर बदलला. दोन ओळी गाळल्या, एक घातली. मोठ्याने वाचून पाहिला. कानाला कुठेही बोचला नाही.

चित्रात आता तिघांचे हात खाली आहेत. बाफा, म्हैसवाला आणि खेचरवाला. ज्यांची पत्रं मी आतापर्यंत सुधारली, तेच तिघे.

१३ जानेवारी

आज लोहडी, इकडची संक्रांत. तुलसां तीळगूळ आणि आक्रोड घेऊन आली. पुस्तकात करमूचं नाव आहे असं तिने ऐकलं होतं. मेजापुढच्या चौरंगावर, चित्राकडे पाठ करून बसली. मी वाचलं. शत्रूचा गोळा.

तिने विचारलं, त्याला आवाज तरी ऐकू आला असेल का. मी म्हणालो, नाही माई. म्हणाली, मग बरं, लहानपणी आभाळ गडगडलं की चुलीमागे लपायचा.

धौंकल दारात उभा होता. माझ्या ओठांकडे बघत. उठताना तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

"तू होतास ना रे तिथे तोफेवर. तू फेडलंस माझ्या पोराचं. जुगजुग जी, खूप जग."

ती गेली. धौंकल दारातून मेजापाशी आला. मग म्हणाला, "पंडितजी, हे मी लिहिलं नव्हतं."

मी आक्रोड फोडत बसलो. मान वर करण्याची हिंमत झाली नाही. ना त्याच्याकडे, ना भिंतीकडे.

१४ जानेवारी

पाचही जणांचे हात खाली. माना वळलेल्या. कॅमेऱ्याकडे नाही, मेजाकडे. चेहऱ्यांवर राग असता तर सोपं होतं. वर्गात मुलं पुढचा श्लोक ऐकायला थांबतात, तसे थांबले आहेत.

चित्र उलटं करून भिंतीला लावलं.

१५ जानेवारी

सकाळी चित्र पुन्हा सुलटं. धौंकलने केलं. म्हणाला, "तोफेचं तोंड घराकडे करून ठेवत नाहीत. घर आपलं असतं."

दुपारी एक धक्का. कपबशा वाजल्या, छपरावरची एक दगडी पाटी सरकून अंगणात फुटली. शेजारचे म्हणाले, छोटा भूकंप. या मुलखाला ती सवय आहे. असेल. पण मी खुर्चीत होतो, पाय अधांतरी — मला धक्का जाणवला नाही. मी आवाज ऐकला.

आणि धौंकलने — ज्याला काही ऐकू येत नाही — त्याने अंगणात दोन्ही कान झाकले होते.

१६ जानेवारी

छापायचा मजकूर जैलदारजींच्या माणसाबरोबर लाहोरला गेला. मी स्वतः बांधून दिला.

तोफेची नळी आधी आडवी दिसत असे. आता तिचं तोंड दिसतं. काळं, गोल. बशीएवढं —

१७ जानेवारी

चित्रातल्या दोरीवाल्या धौंकलने कानावरचा हात काढला. आता दोन्ही हात दोरीवर. दोरी ताठ.

खरा धौंकल परसात बसून आहे. जेवत नाही. मी समोर जाऊन सावकाश, ओठ नीट हलवून म्हणालो, चुकलं. त्याने मान फिरवली. माझ्याकडे बघितलं नाही तर माझं बोलणं त्याच्यापर्यंत पोचतच नाही. हे त्याला ठाऊक आहे.

जैलदारजींना सांगायला निघालो. फाटकापर्यंत गेलो. परत आलो. काय सांगणार — चित्र ऐकतं आहे?

१८ जानेवारी

जमिनीवर बसून लिहितो आहे. इथे कंप कळतो. बारीक, सतत. चाकं वाळूत रुतवतात तसा.

तुलसांचा निरोप आला. त्याच पलटणीतल्या आणखी तीन पोरांच्या आयांना घेऊन येते आहे. करमूचं पान त्यांनाही ऐकायचं आहे.

चौरंग हलवून पाहिला. पण खोलीत बसायला दुसरी जागा नाही. जिथे बसतील तिथे त्या माझ्या आणि तोफेच्या मध्येच येतात. गोळा पुन्हा आखूड —

फाटक वाजलं. त्या आल्या. हसताहेत कशाला तरी.

दोन्ही कागद समोर आहेत. धौंकलचा मळका, माझा स्वच्छ, लाहोरला धाडलेल्या पानाची नक्कल. धौंकल दारात येऊन उभा राहिला आहे. ते सहाही जण वाट बघताहेत. खरा कागद उचलायचा, वाचायचा, एवढंच. चार ओळी.

मला तोफेची भीती नाही, हे इथे स्पष्ट लिहून ठेवतो. भीती एकच आहे. त्या समोर बसतील, तुलसां पदर सावरून म्हणेल वाचा पंडितजी, शाळा माझ्या डोळ्यांपुढे येईल, आणि माझा हात पुन्हा त्या स्वच्छ कागदा