अनंताची छाटणी

१२ ऑक्टोबर, रविवार

"अनंत फुलला की घरी कुणीतरी येऊन बसल्यासारखं वाटतं," आई म्हणाली होती, मी शाळेत असताना. निफाडच्या अंगणातल्या त्याच झाडाची फांदी आणून मी नाशकात हा अनंत वाढवला, तिच्यासाठी. ती आता माझ्याकडेच असते. तिला दिसत नाही, पण वास कळतो.

आणि आज दादाने तो पुन्हा छाटला! मी चहा ठेवायला आत गेले तेवढ्यात. द्राक्षबागेची कात्री हा माणूस बहिणीकडे येतानाही खिशात घालून येतो. ऑक्टोबरची द्राक्षछाटणी आली की याचे हात शिवशिवतात.

"अगं, छाटल्याबिगर माल येतो का कुठं? आता बघ कसं लय फुटतंय."

"दादा, ही द्राक्षं नाहीत! उन्हाळ्यातली फुलं याच शेंड्यांवर येणार होती. गेल्या वर्षीही छाटलंस, एक फूल आलं नाही."

"खत कमी पडलं असंल."

आणि निघताना आईचे पाय चेपून गेला, म्हणजे धड रागावताही येत नाही. कात्री मात्र पुसून परत खिशात.

संध्याकाळी आईने विचारलं, "यंदा तरी फुलंल ना गं?" मी हो म्हटलं. का म्हटलं? उन्हाळ्यात काय सांगणार? आणि तिच्याकडे असे उन्हाळे किती राहिलेत?

नाहीच म्हणेल तो, माहीत आहे. तरी भाऊबीजेला ओवाळून झालं की ताट पुढे धरून म्हणणार आहे, दादा, यंदा साडी नको, ताटात ती कात्री घाल.