सात मिनिटं पुढे

२ मार्च

चि. ठमीस अनेक आशीर्वाद.

किर्र, किर्र, किर्र. मी अंथरुणात डोळे मिटून पडलेलो असे आणि माझे वडील घड्याळाला किल्ली देत. बरोबर बारा वेळा. त्या तालावर मी मनातल्या मनात शाळेतल्या कविता म्हणायचो. अजून म्हणतो, पण ताल धरायला मनगट रिकामं आहे, कारण तेच घड्याळ मी तुझ्या मावशीबरोबर तुझ्याकडे धाडलं. मिळालं का? बांधतेस, की कपाटात पडलंय?

आमच्या वेळी मनगटावर घड्याळ दिसलं की लोक खुर्ची पुढे करत. मुलगी बघायला गेलो तेव्हा मी बाही मुद्दाम मागे सारून बसलो होतो. तुझी आजी म्हणायची, तिनं आधी घड्याळ पाहिलं, तोंड नंतर. आता वेळ सगळ्यांच्या खिशातच असते, तेव्हा शिक्षकांच्या खोलीत तुला हसतील की काय, हा घोर लागलाय. दिवसातून वीसदा मनगटाकडे बघतो, कातडीवरचा पांढरा पट्टा दिसतो, की उठून खिडकीशी जातो.

तुझी नोकरी कायम कधी होणार, तेही कळव. म्हाताऱ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा आबा

११ मार्च

ती. आबांस शि. सा. न. वि. वि.

घड्याळ मिळालं, बांधलंही. पट्ट्याला आणखी दोन भोकं पाडावी लागली. गणिताच्या सरांनी विचारलं, हे मनगट तुझं की आजोबांचं. चित्रकलेच्या बाई म्हणाल्या, आता काठीही मागवून घे. पण मोठ्या बाई खूश! वेळ बघायला फोन काढला की मुलींना वाटतं, बाई गप्पा मारतायत. मनगट वळवलं की सगळ्या ताठ बसतात. शिवाय हल्ली मी रोज घंटेच्या आधी हजर, म्हणून मोठ्या बाईंनी सर्वांसमोर कौतुक केलं. महिनाअखेरीस मला कायम करायचं की नाही, ते ठरणार आहे.

आणि आबा, काल सगळं मातीत गेलं. सातवीच्या चाचणीचा शेवटचा पेपर, भाषेचा. परीक्षेच्या खोलीत फोन न्यायचा नाही, भिंतीवर घड्याळ नाही. सुरुवातीची घंटा झाली तेव्हा माझं घड्याळ सात मिनिटं पुढे होतं. मला वाटलं, घंटाच उशिरा झाली. आबांचं घड्याळ कसं चुकेल? मग वीज गेली आणि शेवटची घंटा वाजलीच नाही. मी घड्याळ बघून पेपर गोळा केले. बाहेर येते तो शेजारच्या खोल्यांत मुली अजून लिहितायत! पहिल्या बाकावरच्या मुलीचा शेवटचा प्रश्न राहिला. मी कागद ओढला तेव्हा तिचं पेन तसंच पुढे गेलं आणि बाकावर रेघ उमटली.

बाईंनी लेखी खुलासा मागितलाय. घड्याळवाला म्हणतो, घड्याळ ठणठणीत आहे. मग हे झालं कसं? लवकर लिहा. फार काळजी करू नका; थोडी केलीत तर चालेल.

तुमची ठमी

१५ मार्च

चि. ठमीस आशीर्वाद, आणि त्याआधी माफी.

घड्याळ बिघडलेलं नाही, आजोबा बिघडलाय. चाळीस वर्षं मी ते सात मिनिटं पुढे ठेवलं. घंटेआधी वर्गात जाऊन फळ्यावर कवितेची पहिली ओळ लिहायची, मुलांनी ती वाचत आत यावं, एवढ्याचसाठी. बघताना मनात सात वजा करायचो. डोळ्यांवरचा चष्मा माणूस विसरतो तसं ते वजा करणं विसरलो आणि तुला सांगितलंच नाही. तुझं कौतुक झालं तेही त्या सातांचंच गं!

पत्र आल्यापासून एका जागी बसवत नाही. चहा निवून जातो, कविता दुसऱ्या ओळीवर अडते आणि मन त्या बाकावरच्या रेघेशी जाऊन थांबतं. तुझ्या मोठ्या बाईंना मी स्वतः पत्र टाकलंय, की दोष माझा आहे, नातीची नोकरी घालवू नका. तू रागावशील. खुशाल रागाव, पण पत्रातून. मुकी राहून नको.

आबा

रविवार, २२ मार्च

ती. आबांस शि. सा. न.

रागावलेच आहे. माझ्या खुलाशात मी लिहिलं होतं, की फरक दिसत असूनही मी कुणाला विचारलं नाही, दोष माझा. वर तुमचं पत्र! बाईंनी विचारलं, तुमच्या घरात दोषासाठी भांडणं होतात का, आमच्याकडे तर तो कुणी घरात घेत नाही. हसल्या, पण मला कायम करायच्या कागदावर सही केली नाही. म्हणाल्या, त्या मुलीनं तुमच्यासमोर बसून तेवढा प्रश्न पुन्हा लिहिला, तरच प्रकरण मिटेल. आणि ती तर परीक्षेपासून शाळेत आलेलीच नाही. मी ही अट आणि माझा पत्ता फोनवर कळवला, तेव्हा तिच्या आईनं सांगितलं, पोरगी म्हणते की त्या बाईंचं तोंड बघायचं नाही.

खरं सांगू? सहीपेक्षा मला ते जास्त बोचतं. घड्याळ शाळेच्या घंटेशी मिळवून मी पुन्हा बांधलंय. काढून ठेवलं असतं तर सगळं त्याच्यावर ढकलल्यासारखं झालं असतं. आज दुपारी तिच्या घरी जाणार आहे. काय बोलायचं ते सकाळपासून घोकत फिरतेय, पण या खोलीत चार पावलांत भिंत येते.

थांबा, दार वाजलं.

आबा, तीच आलीय! एकटी. काखेत परीक्षेचं पॅड, हातात दोन पेनं. हसली नाही. म्हणाली, शाळेत सगळ्या बघत बसतात, इथं लिहू का. आणि सात मिनिटं पुरणार नाहीत, दहा हवीत, कारण उत्तर पहिल्यापासून आठवावं लागेल.

माझ्याकडे टेबल एकच आहे. हे पत्र उचलते आणि तिला जागा करून देते.

ठमी